धर्माच्या लेंड्या

कुरुंद्याच्या रखमाजी धनगराची लेक पंचफुला हिला दोन गोष्टी तोंडपाठ होत्या. बापाच्या दोनशे मेंढरांत कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, ही एक. आणि शिवारातल्या कोणत्या बांधावर माणूस लपेल एवढं झुडूप आहे, ही दुसरी. पहिलीचं सारं गाव कौतुक करायचं. दुसरीबद्दल घरातसुद्धा बोलायची बंदी होती.

पंचफुलेला सातव्या वर्षापासून संग्रहणी होती. पोटात पिळा पडला की थांबायला सवड नसायची. हातातली भाकर टाकून पळावं लागे. मधूनच एखादा महिना बरा जायचा, गालावर जरा तुकतुकी यायची, आई सिंधूबाई देवाला नारळ फोडायची; आणि त्या नारळाचं खोबरं संपायच्या आत दुखणं परत दारात हजर. पोर होती अकरा वर्षांची, पण दिसायची आठाची. नातेवाईक विचारत तेव्हा सिंधूबाई सांगायची, "जरा नाजूक हाये." धनगराच्या घरात नाजूक हा शब्द त्याआधी कुणी तोंडातून काढला नसेल. पण पोरीची जात, उद्या उजवायची, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असं सिंधूबाईचं पक्कं मत होतं. रखमाजीचं मत काय होतं ते त्यालाच ठाऊक. तो मेंढरांशी जेवढं बोलायचा तेवढं माणसांशी बोलत नसे.

बाजाराच्या दिवशी वसमतेहून हैदर हकीम छकड्यात बसून यायचे आणि गावाबाहेरच्या जुन्या मुसाफिरखान्याच्या ओसरीवर दुकान मांडायचे. दुकान म्हणजे चार बरण्या आणि एक खल. पैसे घेत नसत. कुणी पसाभर ज्वारी ठेवली तर ठेवली. पंचफुलेला त्यांनी इसबगोल दिला, बेलफळाचा मुरंबा दिला, आणि बाकी सगळं सोडून ताकावर ठेवली. दोन वर्षांत तिला त्याने बराच उतार पडला होता. खोटी आशा मात्र त्यांनी दिली नाही.

"बेटी, ही बीमारी पाहुणी न्हाई, शेजारीण हाये," ते म्हणाले होते. "हाकलून जात नसते. तिच्यासंगं राहायचं शिक."

शेजारणीसंगं राहायला पंचफुला तयार होती. अडचण दुसरीच होती. हकिमांच्या ओसरीवर दहा गावची दुखणी यायची, त्यातली निम्मी पोटाची, आणि मुसाफिरखान्याभोवती पहावं तिकडे बाजाराच्या गाड्या, बैल आणि माणसं. पहिलं झुडूप पार ओढ्यापलीकडे. पुरुष कुठेही पाठ फिरवायचे. बाया पहाटेपासून घोटभर पाणी न पिता, ओठ कोरडे करून रांगेत बसायच्या. पोटाच्या दुखण्यावर औषध घ्यायला यायचं आणि तिथेच जीव मुठीत धरून बसायचं, असा तो उलटा कारभार होता.

त्या साली मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि हळदीला भाव चढला होता. माघातल्या एका बाजारी पंचफुलेने जे पाहिलं ते तिच्या मनातून जाईना. कुठल्याशा गावची एक चांगली धडधाकट दिसणारी बाई रांगेतून उठली, चार पावलं गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिचं लुगडं भरलं होतं. दोघं-तिघं पोरं हसली, एक गाडीवान नाकाला फडकं लावून काहीतरी बोलला. पंचफुला उठली. अंगावरची घोंगडी सोडून तिने त्या बाईपुढे दोन्ही हातांनी ताणून धरली आणि हकिमांच्या मडक्यातलं पाणी तिला दिलं. बाईने रडत रडत लुगडं धुतलं.

"गुणाची हाईस," जाताना बाई म्हणाली. "पर तुला काय कळायचं, लेकरा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

मला कळतं, मला बी तेच हाये, हे पंचफुलेच्या जिभेवर आलं होतं. पण झाकली मूठ होती ना. ती गप्प राहिली. बाई एकटीच मान खाली घालून ओढ्याकडे निघून गेली, आणि आपण तिला काहीतरी द्यायचं होतं ते दिलं नाही, ही टोचणी पोरीला लागली ती लागलीच.

पुढच्या बाजारी तिने हकिमांना विचारलं, "हकीमसाब, इथं आडोसा काहून न्हाई?"

"केला होता ना," हकीम म्हणाले. "परसाली तुराट्यांचा कूड घातला. महिन्यात बाजारवाल्यांनी उपसून चुलीत घातला. दगडी भिंती पाहिजेत, आत खड्डा, वरून राख-माती टाकायची, भरला की बुजवून शेजारी दुसरा खणायचा. गवंडी पोटावारी यायला तयार हाये. पण चुना, चौकट, दगडाच्या गाड्या... दहा-अकरा रुपये तरी लागतील. देवळाला लोक देतात बेटी, दर्ग्याला देतात. पायखान्याला कोण देणार? त्याच्यावर नाव कोरता येत न्हाई."

दहा-अकरा रुपये एकगठ्ठा पंचफुलेने जन्मात पाहिले नव्हते. पण तिच्याकडे चांदी होती. चांदी म्हणजे मेंढी. पोरगी जन्मली की मामाने एक पाठ, म्हणजे मादी कोकरू, आणून तिच्या पाळण्याला बांधायची, त्या पाठीचा वंश पोरीच्या नावाने वाढवायचा आणि लग्नात तिच्यासंगं सासरी धाडायचा, अशी त्यांच्यात रीत. त्याच संध्याकाळी ती बापापुढे जाऊन उभी राहिली.

"बा, माझी चांदी इकायची."

रखमाजी एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. "काहून?"

"हकीमसाबाच्या इथं पायखाना बांधायचा."

काटा निघाला. कोकरू उड्या मारत गेलं. रखमाजीने हात धोतराला पुसले. "आंदणाची मेंढी इकत नसतेत, फुले. मामाच्या तोंडावर थुकल्यावानी व्हतं."

पंचफुला तिथून हलली नाही. पायाच्या बोटांनी माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मेंढी इकायची न्हाई. लेंड्या इकता येत्यात का न्हाई?"

"एका मेंढीच्या लेंड्या? ओंजळ भरंल."

"एका मेंढीच्या न्हाई. सगळ्यायच्या. एक रात मला द्या. धर्माची रात."

आता हे समजायला हळदीचं रान माहीत पाहिजे. हळद हे खादाड पीक. वैशाखात रान नांगरून ठेवलं की कुरुंद्याचे शेतकरी धनगरांच्या मागे लागत. रात्रभर मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरायचं. त्या खतावर जी हळद येते तिची सर दुसऱ्या कशाला नाही. त्याच्या बदल्यात धनगराला ज्वारी मिळे. रखमाजीचा कळप सगळ्यांना हवा असे, कारण मेंढरं धष्टपुष्ट आणि माणूस भरवशाचा. वीस वर्षांत त्याच्या मेंढरांनी कधी वाघूर ओलांडून कुणाच्या काडीला तोंड लावलं नव्हतं. वाघूर म्हणजे कळपाभोवती खुंट्यांवर ताणायचं सुतळीचं जाळं. रखमाजीची वाघूर म्हणजे किल्ल्याची भिंत, असं लोक म्हणत.

रखमाजी हसला. तो वर्षातून दोनदा हसत असे, त्यातली ही एक खेप. "लोक देवाला सोनं वाहतेत. आमची पोरगी लेंड्या वाहून राहिली."

त्याने एक रात दिली. सिंधूबाईने मात्र अट घातली: पैसे कशाला पाहिजेत ते खुशाल सांगावं, पण 'हकीमसाबाच्या बिमार लोकाईसाठी' एवढंच. स्वतःच्या पोटाचं अवाक्षर काढायचं नाही. पंचफुलेने मान डोलावली.

चैत्राच्या शेवटच्या बाजारी मुसाफिरखान्याच्या पायरीवर बोली झाली. हकीम खल वाजवून ओरडले, माणसं गोळा झाली. पंचफुला पायरीवर उभी राहून शिकवलेलं तेवढं बोलली. पहिली बोली मसाजीची, आठ आण्यांची. मसाजीचं रान ओढ्याकाठचं, काळंभोर, आणि त्याचा हात त्याहून काळा. तीन उन्हाळे रखमाजीचा कळप त्याच्याच शेतात बसत आला होता, पण दर साली तो ज्वारीचं माप हलवून हलवून कमी करायचा, म्हणून यंदा रखमाजीने त्याला हात जोडले होते. दोन रुपयांपर्यंत मसाजी गेला आणि मग त्याला अचानक खोकला आला.

"अकरा," मागून आवाज आला. तो युसूफमियांचा. मसाजीच्या बांधाला बांध लागून त्यांचं हळदीचं रान होतं. माणूस कमी बोलणारा आणि बोलला ते पाळणारा. "अन् हळद निघंल तवा पहिली टोपली फुलाच्या घरी."

एका रातीला अकरा रुपये कुरुंद्यात कुणी ऐकले नव्हते. पंचफुलेला त्या दिवशी पोटाची आठवणसुद्धा झाली नाही.

वैशाखातल्या ठरल्या दिवशी ऊन उतरताना कळप युसूफमियांच्या रानात शिरला. रखमाजीने वाघूर ताणली, चारी बाजूंनी फिरून एकेक खुंटी हाताने हलवून पाहिली, आणि तो विहिरीवर पाणी आणायला गेला. पंचफुला आत कोकरं ज्याच्या त्याच्या आईला लावत होती. दिवसभर आनंदात तिने ताकाऐवजी आईने केलेली गुळाची पोळी खाल्ली होती, आणि संग्रहणीला आनंदाचं काही कौतुक नसतं. पिळा आला तो असा की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वाघुरीच्या लांबच्या कोपऱ्याची खुंटी तिने उपटली, जाळं वर केलं आणि बांधावरच्या बोरीकडे धाव घेतली. बराच वेळ ती तिथून उठू शकली नाही. उठली तेव्हा पाय कापत होते, अंधार झाला होता आणि डोक्यात एकच गोष्ट होती, आडवं व्हायची. ती चुलीपाशी घोंगडीवर जाऊन पडली. खुंटी जमिनीवरच राहिली. कंदिलात रॉकेल नव्हतं. आल्यावर बापाला जवळची वाघूर ताठ दिसली, लांबचा कोपरा दिसला नाही.

उजाडताना रखमाजीच्या हाकेने ती जागी झाली. वाघूर रिकामी होती. मेंढरं काही पळाली नव्हती, ती गुन्हेगार जात नव्हे. कळपापुढे चालणारी भुरी शेळी जरा मोकळं दिसताच आपल्या तीन वर्षांच्या सवयीच्या जागी गेली होती, आणि भुरी जाईल तिकडे दोनशे मेंढरं. मसाजीच्या रानात सगळी निवांत रवंथ करत बसली होती, आणि सबंध रान लेंड्यांनी काळं झालं होतं. युसूफमियांच्या रानात शोधून सापडतील तेवढ्याच.

रखमाजी त्या कोपऱ्याशी गेला. पडलेली खुंटी पाहिली. तिथून बोरीकडे गेलेली लहान पावलं पाहिली. मग त्याने पायाने माती सारली आणि ती पावलं एकेक करून पुसून टाकली. पंचफुला घोंगडीवर बसून ते पाहत होती.

"तू झोपली व्हतीस," परत येऊन तो म्हणाला. "काई बोलायचं न्हाई."

बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो. दिवस कासराभर वर येईपर्यंत निम्मं गाव बांधावर जमलं. युसूफमियां आले, हकीम वसमतेला होते ते वाचले. आणि मसाजी आला. आपल्या रानाकडे तो अशा नजरेने पाहत होता जशी माणसं पंगतीत वाढलेल्या जिलबीकडे पाहतात.

"म्या कशाला बोलू?" तो म्हणाला. "मेंढरं आली, बसली. दारी आलेल्या पाहुण्याला कुनी हाकलत असतं का?" आणि त्याने रखमाजीकडे पाहून एक डोळा बारीक केला.

तो एक डोळा शंभर शिव्यांना भारी पडला. लोकांत कुजबुज सुरू झाली. मसाजीने गुपचूप ज्वारी पोचवली असणार. धनगराने दोन्हीकडून खाल्लं. पोरीला पुढे करून धर्माच्या नावावर बोली लावली आणि खत विकलं दुसऱ्याला. पंचफुलेच्या कानावर हे सगळं येत होतं, कारण लोक ते तिला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू बोलतच नव्हते.

"रखमाजी," युसूफमियां म्हणाले, "झालं तरी काय?"

"वाघूर उघडी राहिली. माझ्याकडून."

"तुज्याकडून?" युसूफमियांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "वीस सालात तुज्याकडून एक खुंटी ढिली राहिलेली म्या पाहिली न्हाई. अन् नेमकी धर्माच्या राती?"

"राहिली," रखमाजी म्हणाला.

कुणाचाही विश्वास बसेना. आणि बसावा तरी कसा. माणसाचं नाव चांगलं असलं की त्याला खोटं बोलायचीही सोय राहत नाही. रखमाजीची वाघूर उघडी राहत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ती त्याने मुद्दाम उघडली असणार, हेही सगळ्यांना पटलं. पंचफुलेने बापाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत उभा होता. पुढच्या साली कोण बोलावणार होतं त्याच्या कळपाला? अन् बोलावलं तरी दर रात्री कुणीतरी येऊन खुंट्या मोजून जाणार. गर्दीच्या कडेला आई उभी होती, आणि ती डोळ्यांनीच लेकीला सांगत होती, गप्प.

पंचफुलेला माघातली ती बाई आठवली. तेव्हाही ती गप्पच राहिली होती.

"वाघूर म्या उघडली," ती म्हणाली.

लोकांनी मागे वळून पाहिलं. आवाज एवढासाच होता, पण तिथे लहान पोरीचा आवाज कुणाला अपेक्षित नव्हता.

"फुले," रखमाजी म्हणाला.

"म्या उघडली," पंचफुला परत म्हणाली, या वेळी मोठ्याने. "मला संग्रहणी हाये. सातव्या सालापासून. काल पोटात पिळा आला, म्या खुंटी उपटली अन् पळाले. मागून अंगात ताकद राहिली न्हाई, खुंटी लावायची राहून गेली. त्या बोरीच्या मागं गेले व्हते. कुनाला खरं वाटत नसंल त्यानं जाऊन पाहावं."

कोण जाणार बोरीमागे पाहायला. एक पोरगं फिसकन हसलं आणि त्याच्या बापानेच त्याच्या पाठीत धपाटा घातला. सिंधूबाईने पदर तोंडावर ओढून घेतला. चार वर्षं जपलेली मूठ भर उन्हात, अख्ख्या गावापुढे उघडली होती, आणि पंचफुलेला वाटलं की आता आभाळ खाली येईल. आभाळ जागेवरच राहिलं.

"माझं बी तसंच हाये," कुणीतरी म्हणालं.

ती खतीजाबी होती. गावची सुईण. जमलेल्यांतले निम्मे तिच्याच हातावर जगात आले होते, त्यामुळे तिच्यापुढे कुणी फार ताठ मानेने उभं राहत नसे. "दोन साल झाले. बाजाराच्या दिवशी मी पाणी पीत न्हाई. या उमरीत ओढ्यापतूर धावणं होत न्हाई माझ्यानं." तिने गर्दीतल्या बायांवरून नजर फिरवली. बऱ्याचजणी खाली पाहू लागल्या, आणि खाली पाहणं हेच उत्तर होतं. "अकरा सालाचं लेकरू सगळ्यायचं बोललं. आता उभ्या राहून ऐकता काय? टोपल्या आणा. झाडू आणा. लेंड्या ज्याच्या बोलीच्या त्याच्या रानात."

हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. बाया घरोघर पळाल्या आणि टोपल्या, खराटे, फुटके सूप, हाताला लागेल ते घेऊन आल्या. मसाजीच्या रानात एका ओळीने बसून लेंड्या झाडायला सुरुवात झाली. हळदीकुंकवाला बसतात तशा बसल्या होत्या, फक्त वाण वेगळं होतं.

"ए, ए, माझ्या रानातलं काई उचलायचं न्हाई," मसाजी पुढे आला.

"तुमचं हाये काय त्यात, मसाजीभाऊ?" खतीजाबीने मान वर न करता विचारलं. "रखमाजीला ज्वारी दिली म्हणता का? दिली असंल तर सांगा, आत्ताच्या आत्ता उठतो."

दिली म्हणावं तर दाखवायला लागणार होती; आणि नाही म्हणावं तर मघाचा तो बारीक केलेला डोळा सगळ्यांच्या ध्यानात होता. मसाजी अडकला. "न्हाई दिली," तो पुटपुटला. रखमाजीचं नाव त्या दोन शब्दांनी धुऊन निघालं. युसूफमियां रखमाजीपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

लेंड्या भराभर बांध ओलांडत होत्या. रान मोकळं होत चाललं तसा मसाजीचा चेहरा पांढरा पडत चालला. खतीजाबी अर्ध्यावर थांबली, तिने बोटाने माती उकरली, वास घेतला. "लेंड्या नेल्या. पण मूत तर मुरलं. ते काई टोपलीत येत न्हाई."

"ते राहू द्या," मसाजी घाईघाईने म्हणाला.

"राहणारच हाये. पण धर्माच्या मेंढरायचं मूत फुकट घेतलं म्हणून हळदीला कीड पडली तर आम्हाला बोल नका लावू."

पापपुण्याला मसाजी फारसा भीत नव्हता, पण हळदीला कीड पडणं ही वेगळी गोष्ट होती. त्याने कमरेची पिशवी सोडली, दोन रुपये काढले, एक परत ठेवला, बायांकडे पाहिलं आणि पुन्हा दोन्ही काढले. निजामाच्या राज्यात मेंढराच्या मुताला रोख दोन रुपये मोजणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव पुढे कैक वर्षं निघत राहिलं.

सिंधूबाई घरी येऊन रडली. "आता पोरीला कोन करील?" आणि हे रडणं काही उगाच नव्हतं. जांभळीच्या पाहुण्यांकडून होळीपासून सोयरिकीचे निरोप येत होते, ते बंद पडले. शेजारपाजारच्या दोघी-तिघींनी आपल्या पोरींना पंचफुलेच्या ताटात जेवायला मनाई केली. पंचफुलेने ते पाहिलं, तिला वाईट वाटलं, एकदा ती मेंढरांत जाऊन रडलीही.

"जे या गोष्टीला भितेत त्यायच्या घरी आपल्याला द्यायची न्हाई," रखमाजी बायकोला म्हणाला. "बरं झालं आधी कळलं." एका दमात एवढं बोलल्यामुळे तो नंतर दोन दिवस बोलला नाही.

रोहिण्या निघायच्या आत गवंड्याने भिंती उभ्या केल्या. अकरा रुपयांत चुना आला, चौकट आली, दगड आले. मसाजीच्या दोन रुपयांत हात धुवायच्या पाण्याचा मोठा रांजण आला. त्याला लोक काय म्हणत ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण मसाजी बाजारात आला की हटकून त्या रांजणाकडे एक नजर टाकून जाई, आणि कुणी पाणी फार सांडलं तर ओरडेही. फळीच्या दाराला पैसे उरले नाहीत. रखमाजीने नवी घोंगडी विणली, काळी, मध्ये चांदीच्या पांढऱ्या लोकरीचा एक पट्टा, आणि चौकटीला पडदा म्हणून टांगली. मेंढी विकायची नसते, पण लोकर धर्माला द्यायला मामाची हरकत नव्हती. तो स्वतः येऊन पाहून गेला आणि चांदीच्या पाठीवर थोपटून गेला.

दसऱ्यानंतरच्या एका बाजारी पंचफुला हकिमांच्या ओसरीवर बसली होती. दोन महिने पोटाने बराच त्रास दिला होता, पण आता परत उतार होता. रखमाजी पायरीखाली एका कोकराला कवेत घेऊन उभा होता. रांगेत लांबच्या गावची एक तरणी बाई आली, कडेवर वर्षाचं मूल. तिची नजर भिरभिरत होती, गाड्यांवरून, ओढ्याकडे, परत गाड्यांवर. ती नजर पंचफुलेने लांबूनच ओळखली. ती नजर तिला स्वतःची वाटली.

ती उठून जवळ गेली. "मावशी, लेकरू माझ्यापाशी द्या. त्या घोंगडीच्या मागं जा. आत पाणी हाये."

बाईचे कान लाल झाले. तिने इकडेतिकडे पाहिलं. "न्हाई गं, तसं काई न्हाई. तुला काय कळायचं."

"मला कळतं," पंचफुला म्हणाली. ओसरीवर दोन डझन माणसं होती, आणि तिने आवाज मुळीच खाली केला नाही. "मला बी तेच हाये."

बाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने मूल पंचफुलेच्या हातात दिलं आणि ती भराभर घोंगडीकडे निघाली. पंचफुलेने पायरीकडे पाहिलं. बापाने सगळं ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली नव्हती. उलट ओसरीवरच्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं होतं.

"फुले," तो तिच्याइतक्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "रांजणात पाणी हाये ना? न्हाई तर मी आनतो."